जरा शांतता, मंडळी

पहिली बाजू

ओला बूट

आमच्या बँडचं नाव ‘डावे पाय’. तिघंच आम्ही: गाणारा आणि गिटार वाजवणारा रसेल ॲपलयार्ड, ड्रम्सवर डेल स्टॅदर्स, आणि बेस गिटारवर मी, कोरिन ब्लँचर्ड. गाव गूल. गोदीचं गाव, सपाट आणि ओलं. फंक हे कंबरेतून येणारं संगीत आहे, आणि गूलमध्ये कंबर ही पट्टा बांधायची जागा आहे. तरी आम्ही विशीत फंक वाजवायला निघालो. इंग्लंडमधली निम्मी पोरं तेव्हा तेच करत होती: घट्ट पँट, पातळ आवाज, आणि अमेरिकेतून उसना आणलेला ठेका. आम्ही एक अल्बम काढला. नाव ‘जरा शांतता, मंडळी’. लोकांनी ते फारच मनावर घेतलं.

पहिला तोच, शेवटचाही तोच. एका मासिकानं त्यावर दोन ओळी लिहिल्या. दुसरी ओळ अशी की, हा यंदाचा सर्वांत उपेक्षित अल्बम ठरेल. अल्बम दुकानात येऊन आठवडाही झाला नव्हता. उपेक्षा सुरू व्हायच्या आधीच आम्हाला तिचं प्रमाणपत्र मिळालं.

रसेल त्या ओळीवर वीस वर्षं जगला. दिवसा मोटरवेजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि रविवारी क्लबात बसून उपेक्षित असायचा. हे दुसरं काम तो जास्त मन लावून करायचा. टेबलाशी कुणी नवा माणूस आला, की पहिल्या पिंटला हवामान, दुसऱ्या पिंटला रग्बी, आणि तिसऱ्याला, “तुला माहीत नसेल, पण आमचा एक अल्बम होता. फार उपेक्षित.”

“उपेक्षा व्हायला आधी कुणाची तरी अपेक्षा लागते रे,” डेल म्हणायचा.

“तू गप. तुझ्यामुळेच उपेक्षित राहिलो आपण.”

“माझ्यामुळे? मी नुसते ड्रम्स वाजवत होतो.”

“तेच म्हणतोय मी.”

क्लब म्हणजे आमचा कामगारांचा क्लब. गोदीतले लोक, त्यांच्या बायका, आणि आता बहुतेक त्यांच्या विधवा. दर रविवारी संध्याकाळी सातला तिथं बिंगो होतो. चर्चमध्ये उशीर झाला तर देव सांभाळून घेतो. बिंगोला उशीर कुणी सांभाळून घेत नाही. नदीचं पाणी दारातून आत आलं होतं त्या वर्षीसुद्धा लोक खुर्च्यांवर पाय घेऊन बसले आणि बिंगो सातलाच सुरू झाला. आकडे पुकारते ॲव्हरिल कॉवुड. क्लबाच्या मोठ्या खोलीत काय होईल आणि काय नाही, ते तीच ठरवते, मी शाळेत होते तेव्हापासून. ती माईकपाशी येते, म्हणते, “जरा शांतता, मंडळी,” आणि मग खोलीत फक्त तिचा आवाज राहतो. तिच्याकडे प्रत्येक आकड्याला एक नाव आहे. अठ्ठ्याऐंशीला ती दोन लठ्ठ बायका म्हणते, बावीसला दोन बदकं.

तर रसेल असाच म्हातारा झाला असता आणि सुखानं उपेक्षित मेला असता. पण मागच्या वसंतात एका शनिवारी दुपारी आम्ही तिघं डेलच्या स्वयंपाकघरात चिप्स खात होतो, तेव्हा रसेलचा फोन वाजला. त्यानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला, आणि पलीकडून लंडनची एक बाई म्हणाली की तिला

*पायजोडी, अकरा.*

मोठ्या आवाजात माफी

तिला आमचा अल्बम पुन्हा काढायचा होता. जाड रेकॉर्डवर, जाड कव्हरात, जाड लेखासह. तिचं नाव इमोजेन फ्रेन. विसरलेले अल्बम शोधून काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती होती आणि लेखही तीच लिहायची.

“तुमचे शेवट,” ती म्हणाली. “मी झोपेतसुद्धा त्यांचाच विचार करते.”

आमच्या अल्बमवरचं एकही गाणं संपत नाही. मधेच तुटतं. ठेका रंगात आलेला असतो, रसेल ओळीच्या अर्ध्यात असतो, आणि खाट्. तुटता तुटता एक आवाज भर्रकन वर चढतो, शेपटीवर पाय पडलेल्या उंदरासारखा: चिईक. मग काही नाही. पुढचं गाणं.

“नाचणारा पाय वर उचललेला असताना तुम्ही खालची जमीन काढून घेता,” इमोजेन म्हणाली. “सुख देता देता नाकारता. तेव्हा हे कुणीच करत नव्हतं. रसेल, हे तुम्हाला सुचलं कसं?”

डेलनं माझ्याकडे पाहिलं. मी व्हिनेगरच्या बाटलीकडे पाहिलं. रसेलनं खिडकीबाहेर, पाण्याच्या टाकीकडे, तोंडावर दूरवरचा भाव आणून पाहिलं. फोनवर तो भाव दिसत नाही, पण त्याला तो लागतो.

“असं बघा,” तो म्हणाला, “आमचं गाव असं आहे, की इथं सगळं मधेच थांबवलं गेलं. जहाजं थांबली. कामं थांबली. आम्ही ठरवलं, गाणंही मधेच थांबेल.”

डेलच्या घशात चिप अडकली. मी त्याच्या पाठीत बुक्की मारली.

“आणि तो वर चढणारा आवाज?”

“ती आशा,” रसेल म्हणाला.

पलीकडून पेन कागदावर खरवडल्याचा आवाज आला. मग इमोजेन हलक्या आवाजात म्हणाली, “माझी खात्री होतीच.” आणि लगेच: “एकच करा. जिथं तो रेकॉर्ड झाला त्याच खोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मला ऐकवा. तेच शेवट, माझ्यासमोर. ते एकदा पाहिले की मी कंपनीला हो म्हणून सांगते.”

“जरूर,” रसेल म्हणाला.

फोन बंद झाला. त्याचे डोळे भरले होते. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच तो उपेक्षित दिसत नव्हता.

“रशा,” डेल खोकत म्हणाला, “आशा? ती ॲव्हरिल होती ना रे, स्विच

*डॉक्टरांचा हुकूम, नऊ.*

काकूंची कंबर

ती ॲव्हरिलच होती.

आम्ही अल्बम क्लबाच्या स्टेजवर रेकॉर्ड केला. रविवारी दुपारी जेवणानंतर खोली रिकामी असायची, आणि सेल्बीहून एक माणूस त्याचं जुनं टेपचं यंत्र घेऊन यायचा. दुपारभर आम्ही भयंकर वाजवायचो. फंक हा गरम हातांचा मामला आहे, आणि क्लबात बिंगोच्या गर्दीआधी हीटर लावत नाहीत. संध्याकाळी लोक यायला लागायचे, खोली तापायची, आमचे हात सुटायचे, आणि सातच्या आसपास गाणं एकदम चालायला लागायचं. डेलचा ठेका बसायचा. माझी बोटं मला न विचारता पुढं जायची. रसेलसुद्धा सुरात असायचा.

नेमके तेव्हाच सात वाजायचे.

स्टेज आणि बिंगोचं यंत्र एकदम चालू ठेवलं तर फ्यूज उडतो. म्हणून ॲव्हरिल बारच्या मागं जायची, स्टेजचा लाल दांड्याचा स्विच खाली ओढायची, आणि माईक हातात घ्यायची. आमची गिटारं मुकी व्हायची. टेपचं यंत्रही त्याच विजेवर होतं. ते मरता मरता हळू व्हायचं, म्हणून नंतर नेहमीच्या वेगानं ऐकताना शेवटचा सूर भर्रकन वर चढायचा. रसेलची आशा ती.

दर रविवारी एक गाणं, आणि दर गाण्याचा जमलेला नमुना तोच, ॲव्हरिलनं मारलेला. बाकीचे सगळे पुरते संपत होते आणि ऐकवत नव्हते. मग आम्ही मेलेलेच घेतले.

तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण त्यामुळे झालं असं, की आम्हाला गाणं संपवायची सवयच राहिली नाही. अल्बम आल्यावर दौऱ्यावर गेलो तेव्हा ते कळलं. लेस्टरला ‘काकूंची कंबर’ सुरू केलं आणि ते थांबेना. रसेलला वाटलं डेल थांबवेल, डेलला वाटलं मी थांबवीन, आणि माझी बोटं नेहमीप्रमाणे मला विचारत नव्हती. ज्या मोठ्या बँडच्या आधी आम्ही वाजवत होतो ते आपली वाद्यं घेऊन बाजूला उभे होते. शेवटी त्यांच्या माणसानं आमचा आवाज बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी आमचा दौरा

*केलीचा डोळा, एक.*

उलटी टाळी

“सोपंय,” रसेल म्हणाला. डेलच्या गॅरेजमध्ये आम्ही तालमीला उभे होतो. आता आम्ही तिघंही चाळिशीच्या पलीकडचे. माझ्या बोटाला बेसच्या तारेपेक्षा भांडी घासायच्या काथ्याची सवय जास्त. “मी मान हलवली, की सगळ्यांनी थांबायचं.”

“गाताना तू सतत मान हलवतोस.”

“ती वेगळी मान. ही अशी.”

“ती तशीच आहे रे.”

मान झाली. मग पाय आपटून पाहिला, तो डेलला ठेका वाटला आणि तो आणखी जोरात सुटला. मग रसेल म्हणाला, ओळ अर्ध्यात सोडतो, तिथं थांबा. त्यानं ओळ अर्ध्यात सोडली, मी थांबले, आणि डेलनं आपण एकटेच उरलोय हे पाहून घाबरून ड्रम्सवर एक लांबलचक गडगडाट केला आणि झांजेवर धाडकन संपवला. सर्कशीत माणूस तोफेतून बाहेर पडतो तेव्हा वाजवतात ना, तसा.

“हे आशादायक नाही,” मी म्हणाले.

“मोजू या,” डेल म्हणाला. “मोजून थांबू.”

मोजलं. मोजताना वाजवणं बँकेतल्या रांगेसारखं झालं. ठेका गेला. तेव्हा कळलं ते असं, की आमचे शेवट चांगले होते कारण ते येणार हे आम्हाला माहीत नसायचं. अचानक थांबायचं नाटक येतं. अचानक थांबता येत नाही.

रसेल एका रंगाच्या डब्यावर बसला. बराच वेळ गिटारच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

“ही शेवटची संधी आहे,” तो म्हणाला. टोमणा नाही, आव नाही. “ही बाई नाही म्हणाली, तर पुन्हा कुणी विचारणार नाही. मग तो अल्बम खरंच नुसता कुणी न ऐकलेला अल्बम होईल.”

डेलनं ड्रम्सच्या काड्या मांडीवर ठेवल्या.

“ॲव्हरिलला सांगू या,” मी म्हणाले.

“काय सांगू? मी त्या बाईला सांगितलंय की ते आम्ही केलं.”

“त्या बाईला काय सांगितलंस ते ॲव्हरिलला कुठं ठाऊक आहे? स्विच ओढ म्हणावं. ती नाहीतरी

*दोन बदकं, बावीस.*

दुसरी बाजू

पुलावर लाल दिवा

रसेल कस्टर्डची टार्ट घेऊन गेला. दुकानातली, पण ताटलीत काढून वर फडकं टाकलेली. मी सोबत होते.

ॲव्हरिलनं दार उघडलं. तिचे गुडघे गेलेत, नजर गेलेली नाही. “रसेल ॲपलयार्ड. काय मोडलंस?”

“काही नाही, ॲव्हरिल आंटी. सहज.”

“सहज टार्ट आणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आत ये. कोरिन, तूही ये, पाय पूस.”

रसेलनं सांगितलं. थोडंसं खरं, थोडंसं वाकवलेलं. लंडनहून पाहुणी येणार, आम्ही अल्बम वाजवणार, गाणं रंगात आलं की स्विच ओढायचा. पूर्वीसारखा. दर गाण्याला एकदा.

“पूर्वी मी तुमच्या गाण्यासाठी स्विच ओढत नव्हते रे पोरा. माझ्या बिंगोसाठी ओढत होते.”

“हो, पण परिणाम तोच.”

“ऐकलाय मी तुमचा अल्बम,” ती म्हणाली.

गूलमध्ये असं कुणी म्हटलेलं आम्हाला आठवत नव्हतं.

“शेवट चांगले आहेत,” ती म्हणाली. “ज्यानं केले त्याला समज आहे.”

मी टार्टचा मोठा घास घेतला, नाहीतर हसले असते. रसेलचं तोंड मात्र लाल झालं.

“ओढीन मी,” ॲव्हरिल म्हणाली. “पण नव्या कव्हरवर नावं छापाल ना? कुणी काय वाजवलं? तिथं माझंही घाल.”

“तुझं? काय म्हणून?”

“खरं ते. ॲव्हरिल कॉवुड, स्विच.”

रसेलच्या डोक्यात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. गावाची दुखरी नस, नाकारलेलं सुख, आशा. आणि खाली बारीक अक्षरात: बिंगोची वेळ झाली.

“घालतो की आंटी,” तो म्हणाला. “त्यात काय एवढं.”

त्याच्या आईला ओळखणाऱ्या बाईशी तो खोटं बोलला. परत येताना गाडीत मी तेच म्हणाले.

“खोटं नाही. उशिराचं खरं. रेकॉर्ड येऊ दे, लोक डोक्यावर घेऊ देत. मग दुसऱ्या आवृत्तीत घालू तिचं नाव, गमतीनं, एका कोपऱ्यात

*दोन लठ्ठ बायका, अठ्ठ्याऐंशी.*

मधल्या सुट्टीत

इमोजेन डॉनकॅस्टरला गाडी बदलून आली. अंगात गोदी कामगाराचा निळा कोट. क्लबात निम्मे लोक गोदीतले होते. असा कोट त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

“ही खोली,” ती म्हणाली. “हा गालिचा.”

“चिकटतो तो,” डेल म्हणाला. “एका जागी फार वेळ उभ्या राहू नका.”

सहाला सुरू करायचं ठरलं होतं, सातच्या आत संपवून बिंगोला जागा करून द्यायची. लोक लवकर येऊन बसले होते, आमच्यासाठी नाही, चांगल्या खुर्च्यांसाठी. इमोजेननं रसेलला बारपाशी गाठलं. ॲव्हरिल तिथंच रिकामे ग्लास गोळा करत होती.

“कव्हरसाठी शेवटचं विचारते,” इमोजेन म्हणाली. “अल्बममध्ये तुम्ही तिघंच ना? आणखी कुणाचा हात नाही?”

रसेलनं ॲव्हरिलकडे पाहिलं नाही. ती ऐकतेय की नाही हेही पाहिलं नाही.

“आम्ही तिघंच,” तो म्हणाला.

ॲव्हरिलनं ग्लास ट्रेमध्ये ठेवले. एकही वाजला नाही. मग ती बारच्या मागं गेली, लाल दांड्याशेजारच्या स्टुलावर बसली, पर्समधून चष्मा काढला आणि तो पुसायला लागली.

आम्ही ‘ओला बूट’ सुरू केलं.

चांगलं सुरू झालं, खोटं कशाला सांगू. खोली भरलेली, गरम. डेलचा ठेका बसला, माझी बोटं सुटली, रसेल दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचला आणि त्यानं बारकडे पाहिलं. आता. ॲव्हरिल चष्मा पुसत होती.

तिसरं कडवं झालं. चौथं आम्ही कधी लिहिलंच नव्हतं, म्हणून रसेलनं पहिलं पुन्हा घेतलं. ॲव्हरिलनं काच उजेडात धरली, तिला एक डाग दिसला.

खोलीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. आमच्याकडे टाळी चुकीच्या मात्रेवर पडते: फंकला जिथं श्वास घ्यायचा असतो तिथंच आम्ही बुक्की मारतो. तेवढ्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम उलटी टाळी धरली तेव्हा आमच्या गाण्याची परेड झाली. कोपऱ्यात कुणीतरी बसल्या बसल्या लेफ्ट-राइट करायला लागलं. इमोजेन वहीत भराभर लिहीत होती. रसेल पहिलं कडवं कितव्यांदा तरी म्हणत होता, घाम नाकावरून माईकवर पडत होता, आणि ‘ओला बूट’ सोडून एकही गाणं झालं नव्हतं.

काटा सातकडे सरकायला लागला आणि खोलीतली माया आटली. टाळ्या थांबल्या. माना घड्याळाकडे वळल्या.

“ए, बिंगो!” मागून कुणीतरी ओरडलं.

“रसेल, थांब की रे आता!” ही त्याची चुलत बहीण.

“थांबता येत नाहीय!” डेल ड्रम्सवरून ओरडला.

रसेलनं बारकडे पाहून हात जोडले. गिटार सोडून. मी आणि डेल वाजवतच होतो. ॲव्हरिलनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे निवांत पाहिलं.

“ॲव्हरिल आंटी!” तो माईकवर म्हणाला. “बंद कर!”

तिनं कानामागं हात धरला.

“बंद कर ना गं!”

“मी कशाला?” ॲव्हरिलला माईक लागत नाही. “तुम्ही तिघंच ना?”

खोली गप्प. आमचा ठेका तेवढा मूर्खासारखा चालू. इमोजेनचं पेन हवेत.

“तूच केलंस!” रसेल ओरडला. त्याचा आवाज फाटला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यात फंक आला. “आम्हाला येत नाही थांबायला! कधीच आलं नाही! सगळे शेवट तुझे आहेत! सगळ्या गाण्यांचे! आम्ही नुसते वाजवत होतो आणि तू

खाट्.

ॲव्हरिल उठली, माईकपाशी आली. “जरा शांतता, मंडळी.” सगळ्या माना बिंगोच्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांवर वाकल्या.

“रसेल,” इमोजेन कुजबुजली, “याचा अर्थ ते शेवट म्हणजे—”

“शूऽऽ!” अख्खी खोली तिच्यावर फिसकारली. लंडनमध्ये तिला असं गप्प केलेलं नसावं, ती मुकाट्यानं खुर्चीत

*नुकतीच सोळा, एक आणि सहा.*

आशा

रेकॉर्ड आली. इमोजेननं कंपनीला हो सांगितलं, ‘हो’पेक्षाही मोठं काहीतरी सांगितलं असावं, कारण कव्हर इतकं जाड निघालं की आमच्या कुणाच्या फळीवर मावेना. कव्हरच्या दर्शनी बाजूला एक फोटो आहे. लाल दांडा आणि त्यावर ॲव्हरिलचा हात.

लेखात रसेलचं नाव येतं. तिसऱ्या पानावर. त्याआधी लिहिलंय, की एका बंदर-गावातल्या बाईनं सत्तेचं सर्वांत साधं हत्यार उचलून पुरुषी गिटारीच्या आत्मप्रेमाला वेळेवर आवर घातला. गिटारी आत्मप्रेमात मी आणि माझा बेस धरलाय की नाही ते कळत नाही. त्या संध्याकाळबद्दल इमोजेननं लिहिलंय, की न ओढलेला स्विच हा ॲव्हरिल कॉवुड यांचा सर्वांत धाडसी शेवट होता.

लंडनच्या एका कलादालनानं ॲव्हरिलला बोलावलं, येऊन काहीतरी बंद करा म्हणून. काहीही. तिनं कळवलं, रविवारी जमणार नाही.

लोक अल्बम ऐकतात आता. कुठल्याशा तरुण नटीनं तो आवडतो म्हणून सांगितलं. मग एक दिवस रसेल क्लबात आला तो पांढराफटक.

“काढलं आपल्याला,” तो म्हणाला.

“कुठून?”

“मासिकाच्या सर्वांत उपेक्षित अल्बमांच्या यादीतून. म्हणतात, आता पुरेसा माहीत झालाय.” तो बसला. “उपेक्षितांमधूनसुद्धा काढलं.”

“प्रगती आहे,” डेल म्हणाला.

“त्यांना गाणी नाही आवडत, डेल. त्यांना गाणी बंद झालेली आवडतात. एकानं लिहिलंय, शेवटापर्यंत पोचायला थोडा धीर धरावा लागतो. धीर! ते गाणं आहे! तो भाग म्हणजेच

*बागेचं फाटक, आठ.*

नाव नसलेलं

मागच्या रविवारची गोष्ट. सातला थोडा वेळ होता. ॲव्हरिल आमच्याच टेबलाशी चिठ्ठ्या लावत बसली होती. रसेलनं स्टूल पुढं ओढलं.

“ॲव्हरिल आंटी, एक विचारू?”

“टार्ट आणलीस?”

“नाही.”

“मग खरंच काहीतरी विचारायचं असेल. विचार.”

“शेवटांबद्दल सगळे बोलतात. त्याच्या आधी आम्ही काहीतरी वाजवत होतो.”

“होतात.”

“ते कसं होतं?”

डेलनं ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता ही बाई याला कापणार, आणि खरं सांगायचं तर त्याची तेवढी लायकी होती. ॲव्हरिलनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला.

“तुझी आजी. एडना. आठवते?”

“हो. का?”

“तिनं कमिटीकडे माझी तक्रार केली होती. रविवारचा बिंगो उशिरा सुरू होतो म्हणून. तुम्ही स्टेजवर असायचात त्याच वर्षी.”

“ते घड्याळ मागं पडायचं ना तेव्हा,” मी म्हणाले. “क्लबानं नवं लावलं.”

“घड्याळाला काय धाड भरलीय? जुनं माझ्या स्वयंपाकघरात आहे. बरोबर चालतंय अजून.”

रसेल तिच्याकडे बघत राहिला.

“सात वाजले की मी दांड्यावर हात ठेवायचे,” ती म्हणाली. “इकडे सगळे चिठ्ठ्या काढून बसलेले, एडना माझ्याकडे डोळे वटारून. आणि मी म्हणायचे, अजून एक फेरी वाजू दे यांना.”

“दर वेळी?” रसेलनं विचारलं.

“ते ओल्या बुटाचं सोडून. ते मला नाही आवडत.”

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि माईककडे निघाली. रसेल बसल्या जागी एकदम पेटला.

“आंटी! हे त्या बाईला सांगायला पाहिजे! हे छापून यायला पाहिजे! तू आमच्यासाठी बिंगो थांबवलास! कोरिन, ऐकलंस? डेल, ऐकलंस तू? नदी आत आली तेव्हा नाही थांबवला, आणि आमच्या गाण्याला थांबवला! हे कळलं तर लोक परत ऐकतील, पहिल्यापासून ऐकतील, मधला भाग ऐकतील, तुझा तो बेसचा तुकडा, कोरिन, आणि डेलचा तो उलटा ठेका, तोसुद्धा, अगं वीस वर्षं मी लोकांना हेच सांगतोय आणि तू इथं बसून, दर रविवारी इथं बसून, एक शब्दही

“जरा शांतता, मंडळी,” ॲव्हरिल म्हणाली.

सगळ्या माना खाली गेल्या. रसेलचीही गेली. मी मात्र वर पाहिलं, नव्या घड्याळाकडे.

सात वाजून गेले होते.